तिसऱ्यांदा परत आलेली गाडी

“गिअर पुन्हा उशिरा पडतोय!” गाडीतून पाय खाली टेकवायच्या आधीच साहेबांनी आवाज चढवला. “ही तिसरी खेप, मिस्त्री. इंजिन बोंबलून बोंबलून बेजार होतं, तेव्हा कुठे तुमचा गिअर बदलतो.”

गॅरेजात बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती. दोघांनीही माना वर केल्या. मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तीस वर्षं त्याने या कामात घालवली होती. साहेबांच्या गाडीचं जुनं इंजिन जाम झालं, तेव्हा त्यानेच दुसरं, मोठं इंजिन शोधून बसवलं होतं. गिअरबॉक्स तोच ठेवला, ऑटोमॅटिक. जुन्या इंजिनाला जोर धरायला वेळ लागायचा, म्हणून गिअरही उशिरा पडायचे. नवं इंजिन पहिल्यापासूनच ताकद देत होतं, त्याला इतकं ताणायची गरजच नव्हती. म्हणून मिस्त्रीने लॅपटॉप जोडून कोणता गिअर केव्हा पडायचा ते नव्याने ठरवून दिलं. एकदा नव्हे, दोनदा. दोन्ही वेळा गाडी पाण्यावरच्या होडीसारखी सरकली, आणि दोन्ही वेळा आठवड्याच्या आत साहेब दारात हजर.

“साहेब, हा गिअरबॉक्स चालवणाऱ्याचा पाय ओळखतो,” मिस्त्री दात आवळून म्हणाला. “कुणी रोज गाडी दामटली, की तो तेच शिकतो. गिअर सोडतच नाही लवकर. दुसरं कोण चालवतं?”

“कोण चालवणार? मी! संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी. तेही पन्नासच्या वर नाही. विचारा हिला.”

मागच्या सीटवर साहेबांची बायको बसली होती, दाराच्या वरचा दांडा घट्ट धरून. तिने मान डोलावली.

“हिला साठलाच भोवळ येते. हँडब्रेक कुठला तेही ठाऊक नाही,” साहेब हसले. “सरळ सांगा ना, काम जमत नाही म्हणून. नाचता येईना, अंगण वाकडं!”

बाकावरचं एक गिऱ्हाईक उठलं आणि मुकाट्याने निघून गेलं.

मिस्त्रीला ते फार लागलं. “गाडीला एक यंत्र लावतो,” तो म्हणाला. “कधी चालली, किती पळवली, सगळं त्यात उतरेल. आठवड्याने या. चूक माझी निघाली, तर गॅरेजची पाटी उतरवून तुमच्या हातात देईन.”

“आणि माझी निघाली तर?”

“तर आत्ता बोललात तेवढ्याच मोठ्याने माफी मागायची. इथेच.”

तो आठवडा मिस्त्रीला घास गोड लागला नाही. “जाऊ दे हो,” त्याची बायको म्हणाली. “जाऊ कसं दे?” तो उसळला. “माझ्या हाताला नावं ठेवली त्याने, चारचौघांत!”

आठव्या दिवशी साहेब आले. सोबत बायको आणि कॉलेज संपवलेला मुलगा. मिस्त्रीने यंत्र लॅपटॉपला जोडलं आणि शेजारच्या दुकानांत ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला लागला.

“सोमवार, सकाळी अकरा ते बारा. इंजिनाचा काटा पाच हजारांवर, वेग एकशे तीस. मंगळवार, अकरा ते बारा. बुधवार, तेच. वाचू पुढे?”

साहेबांचा चेहरा उतरला. “अकराला मी ऑफिसात असतो. मला न्यायला ऑफिसची गाडी येते. ही तर घरीच...”

किल्ली घरात. घरात माणसं दोन. साहेब सावकाश मुलाकडे वळले. मुलाने आईकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

“मीच नेत होतो,” तो म्हणाला.

थप्पड एवढ्या जोरात बसली की मिस्त्रीही दचकला. बायको पुढे सरसावली, तसा मुलगा घाईघाईने म्हणाला, “आई, तू नको मध्ये पडूस.”

“परगावच्या नोकरीचं विसर आता!” साहेब गरजले. “किल्ली सांभाळायची अक्कल नाही आणि निघालाय एकटा राहायला!”

मग त्यांनी माफी मागितली, पुटपुटत. “ऐकू नाही आलं,” मिस्त्री म्हणाला आणि पुन्हा मागायला लावली. गिअर पुन्हा नव्याने ठरवून देण्यासाठी गाडी ठेवून घेतली.

रात्री जेवताना मात्र त्याला त्या पोराचा लाल गाल दिसत राहिला. केलं त्याने, भोगलं त्याने, असं तो स्वतःला बजावत होता. तरी संताप कुणावर धरावा ते कळेना.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला साहेबांची बायको पायी आली. एकटीच.

“झाली गाडी?”

“झाली. पण न्यायला साहेब नाही आले?”

“ते ऑफिसात.”

“वहिनी, बोलू नये, पण मुलाला समजवा जरा. पोरगा गुणी वाटतो. असा पाय असेल तर एक दिवस जिवावर बेतेल.”

“त्याला गाडी चालवताच येत नाही,” ती म्हणाली.

“मग त्याने कबूल का केलं?”

तिने खिळ्यावरची किल्ली उचलली, पुढचं दार उघडलं आणि स्टिअरिंगमागे बसली. सीट पुढे ओढली, आरसा खाली केला, पट्टा लावला. इंजिन सुरू करून दोन क्षण कान देऊन ऐकलं आणि काच खाली घेतली.

“तिसरा गिअर तुम्ही फार लवकर पाडताय, मिस्त्री, वळणावर दम तुटतो. पाच हजारांवरच राहू द्या. आज संध्याकाळी साहेबांना मी फिरवून आणणार आहे.”