बेडूकमासा आणि पाहुणे

"आज तोंडाले कुलूप लाव वं माय," पोह्यांवर कोथिंबीर टाकता टाकता इंदुताईंनी लेकीला शेवटचं बजावलं. याआधीची तीन स्थळं नंदिनीच्या जिभेनं परत पाठवली होती. हे चौथं मात्र तिला स्वतःलाच हवं होतं. या मुलानं, उन्मेषनं, फोनवर तिचा पगार विचारला नव्हता, तिच्या माशाला एकट्याला करमतं का ते विचारलं होतं. म्हणून ती मुकाट्यानं ट्रे घेऊन बाहेर आली.

बाहेरच्या खोलीत दुपार अर्धवट झोपेत होती. पडदे ओढलेले, कूलरची घरघर, खाली इतवारीच्या गल्लीत भांड्यांचा किणकिणाट. उजेड होता तो फक्त काचेच्या टाकीचा, निळा. नागपूरला समुद्र नाही. तो नंदिनी दर पंधरवड्याला बादलीत मीठ कालवून करते. त्या उजेडात मुलाची आई मीराबाईसुद्धा पाण्याखाली बसल्यासारख्या दिसत होत्या.

"टाकी तं रिकामीच आहे," त्या म्हणाल्या. "नुसते दगड. मासे मेले का?"

नंदिनी गप्प. आपल्याला हे जमतंय याचं तिलाच नवल वाटलं.

"मी आणला ना एक," उन्मेष लाजत म्हणाला. त्याच्या हातातल्या पिशवीत पांढऱ्या पट्ट्यांचा केशरी मासा होता. "एकटं कोनी काहून राहावं?"

त्यानं टाकीचं झाकण सरकवलं, पिशवीची गाठ सोडली. तळाशी मुठीएवढा जांभळट दगड होता. त्या दगडानं डोळा फिरवला. नंदिनीशिवाय कुणाच्या लक्षातही आलं नाही. तिनं जीभ दाताखाली धरली, आणि तरी तिला राहवेना.

"सोडू नका! त्याच्यासोबत कोनालेही ठेवलं तं तो गिळून टाकते."

मीराबाईंचा चमचा बशीतच थांबला. बघायला आलेल्या माणसांपुढे मुलीनं बोलावं तरी काय! इंदुताईंनी डोळे मिटून घेतले. गेलं हेही, असं नंदिनीला वाटलं.

उन्मेषनं पिशवीची गाठ पुन्हा मारली. "कोन गिळते? मले तं कोनीच नाही दिसत."

"बेडूकमासा आहे. एकटाच राहते तो." तिचा आवाज खाली आला. "बसा. दिसाले वेळ लागते."

इस्त्रीच्या पँटची पर्वा न करता तो फरशीवर बसला. नंदिनी थोडं अंतर ठेवून शेजारी बसली. पोहे गार झाले. घड्याळाकडे कुणी पाहिलं नाही. आणि मग त्या जांभळट दगडानं भलीमोठी जांभई दिली, हातांसारखे दोन पर वाळूत रोवले आणि सावकाश एक पाऊल पुढे टाकलं.

"अरे!" उन्मेष एवढंच म्हणाला.

मागे साडीची सळसळ झाली. मीराबाई गुडघ्यावर हात टेकत खाली बसत होत्या.

"सरक ना गा जरा," त्या लेकाला म्हणाल्या. "मले दिसून नाही राहिलं."