हजेरीत एक कमी

टीव्हीवरच्या जहाजात व्हॅम्पायरनं एका खलाशाच्या नरडीचा घोट घेतला, तशी सून किंचाळली. नाना शेंगा सोलत राहिले. तीस वर्षं जहाजावर काढलेली. “तो दोर चुकीचा बांधलाय,” एवढंच म्हणाले.

मग कप्तानानं हजेरी घेतली. एक माणूस कमी भरला, तरी जहाज पुढेच निघालं.

नानांचे हात थांबले. “अरे, मागे वळव की,” ते टीव्हीला म्हणाले.

नोकरीच्या दिवसांत त्यांचा धाकटा भाऊ त्यांच्याच जहाजाच्या डेकवरून समुद्रात पडला होता. माल वेळेत पोचवायचा होता, म्हणून तेव्हाचा कप्तान जहाज वळवू नको म्हणाला. सुकाणू नानांच्याच हातात होतं.

सुनेनं टीव्ही बंद केला. “व्हॅम्पायरची भीती वाटली, नाना?”

“त्याची कशाला वाटेल?” नाना टरफलं गोळा करत म्हणाले. “तो निदान एकेकाला शोधत तरी होता.”