दहा मिनिटं पुढे

चौथीच्या मुलांनी घरातून निघाल्याची आणि शाळेत पोचल्याची वेळ लिहून आणली, तर अर्धा वर्ग निघायच्या आधीच पोचलेला! म्हात्रेबाईंना हसू आवरेना. खरवईत घरटी कोणी ना कोणी अंबरनाथच्या कंपनीत पहिल्या पाळीला; उशीर नको म्हणून भिंतीवरचं घड्याळ सगळेच दहा मिनिटं पुढे ठेवतात. "घरच्या वेळेतून दहा मिनिटं वजा करा रे," म्हणत बाईंनी सगळ्यांची गणितं सरळ केली.

बाबा गेल्यापासून गप्पगप्प असलेल्या किर्तीचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. ती वही घेऊन टेबलापाशी आली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा फुलला होता.

"बाई, त्या दिवशी बाबा सहा दहाला निघाले, मी स्वतः घड्याळात बघितलं. आणि पोलिसांच्या कागदावर लिहिलंय, सहा चारला डंपरनं उडवलं. उलटं आलं ना? म्हणजे तो दुसराच कोणीतरी असणार! मला तर तोंड पण नाय दाखवलं."

बाईंनी तिला जवळ ओढलं.



मागच्या बाकावरून प्रज्वल तिच्या मदतीला धावला, "अगं किर्ती, दहा मिनिटं वजा कर ना!"