घरचा अंगठा

“बाबा, प्रोस्टेट नेमकी असते कुठे?” मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून आईसोबत बाबांच्या उशाशी बसलेल्या शाल्मलीने ऑपरेशन चालू असतानाच विचारून टाकलं.

कमरेखाली बधिर झालेले बाबा गुंगीतच हसले. “बघ की समोर! आज टीव्हीवर आलीय.”

पडद्यावर त्यांची ग्रंथी लालसर उजळली होती. लेझरने शेकलेली कॅन्सरची गाठ उकडलेल्या अंड्यासारखी पांढरी होत होती. अचानक लेझर थांबला.

“शेवटचा ठिपका लघवी आवरणाऱ्या नसेला चिकटलाय,” डॉक्टर खांबेटे म्हणाले. “जाळला तर ताबा कायमचा जाईल, ठेवला तर कॅन्सर राहील. आता संमतीच्या यंत्रावर घरचा अंगठा लागेल.”

आईने घाईने अंगठा टेकवला. यंत्राने तो नाकारला. फोनवरचं, फॉर्मवरचं घरातलं प्रत्येक ‘मान्य’ आजवर शाल्मलीनेच दाबलं होतं. “आम्हाला नाही बाई कळत, तूच कर,” असं दोघंही म्हणायचे. यंत्र तिलाच घरातली कर्ती समजत होतं आणि गुंगीतल्या माणसाचा शब्द ते धरत नव्हतं.

“ठेव गं,” बाबा कळवळले. “लंगोट लावून फिरू का मी?”

“जाळ,” आई पुटपुटली.

डॉक्टरांनी नजर खाली वळवली. शाल्मलीने यंत्र जवळ ओढलं.

“आई, बाबा, मी जाळतेय. बाबा, जन्मभर अबोला धर माझ्याशी, पण त्यासाठी तू हवास.”