साहेबांच्या जावयाची मिसळ

"आटपा हो विसूभाऊ! जावईबापू उपाशी उभे आहेत."

रविवारी मिसळीच्या हॉटेलात जागा हवी तर खाणाऱ्याच्या खुर्चीमागे उभं राहावं लागतं. आज विसूभाऊंच्या मागे त्यांचे जुने साहेब टिपणीस उभे होते. रजेच्या अर्जावरच्या एका सहीसाठी याच साहेबांनी त्यांना नोकरीभर असंच ताटकळत ठेवलं होतं.

"दात राहिलेत कुठे, साहेब?" म्हणत विसूभाऊंनी पावाचा तुकडा आणखी लहान तोडला आणि पुन्हा रस्सा मागवला. आजची मिसळ भलतीच चवदार लागत होती.

अखेर ते उठले, रुमालाने खुर्ची झटकली. "बसा, जावईबापू!"

"मिसळ संपली!" गल्ल्यावरून मालक ओरडला. "उरलेली सगळी विसूभाऊंनी पार्सल घेतली."

विसूभाऊ पिशवी सांभाळत निघाले. घरी तिखट कुणालाच चालत नव्हतं.