दौऱ्यावर निघताना

माझे बाबा नाटक कंपनीत पेटी वाजवतात आणि भाऊ गजू नायिकेचं काम करतो. पण आमच्या गावच्या, कर्जतच्या खेळाच्या दिवशीच गजूचा आवाज फुटला! गायला लागला की नुसता बेडूक. मग मी विंगेत लपून त्याची सगळी पदं म्हटली. तो पुढे नुसते ओठ हलवत होता, आणि लोक वन्समोअर, वन्समोअर ओरडत होते. मी तर हवेतच!

दुसऱ्या दिवशी सामान बांधताना कंपनीचे मालक एकेकाला बजावत होते. "पेटीला घाटातली ओल लागू देऊ नका. तबला गोधडीत गुंडाळा. गजू, चिंच दिसली की तोंड फिरवायचं."

"आणि मी, मालक? मी पण पुण्याच्या दौऱ्यावर येणार ना? मी शाळेत सगळ्यांना सांगून पण आले!"

"येणार म्हणजे? तुझ्याशिवाय पडदा वर जाईल का गं?"

मी उडीच मारली. "मग मला पण सांगा ना, गळा कसा सांभाळायचा ते!"

मालकांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "अंबू, तुला एकच सांगणं. घाट चढला की कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. आवाज ओळखतील लोक."

"पण कुणी काही विचारलं तर?"

"नाही विचारणार," बाबा पेटी बांधता बांधता म्हणाले. "गजूची बहीण जन्माची मुकी आहे, असं मी पुण्याला कळवलंय."