साक्षीला कोणीतरी हवं

"पिशवी उचल आणि चल," जाडा म्हणाला. "एक कुलूप उघडायचंय."

चावीवाल्यानं मान वर केली. जाड्याच्या मागे एक चष्मेवाला मोबाइलमध्ये पत्ता बघत उभा होता.

"घर तुमचं?"

"कर्जबुडव्याचं. आम्ही वसुलीवाले. बायकोच्या आजारपणाला पैसे घेतले, बायको गेली, आता हा तोंड लपवतोय."

"ओळखता त्याला?"

"फोन उचलेल तर ओळख होईल ना! धमक्या मात्र सगळ्या वाचतो," जाडा हसला. "बायकोचं शिलाई मशीन जपून ठेवलंय म्हणे. ते उचललं की येईल रडत."

चावीवाल्याचा कानस धरलेला हात थांबला. "मी नाही आलो तर?"

जाड्यानं पायानं त्याची पाटी उलटी केली. चाव्या रस्ताभर पसरल्या. "तर उद्यापासून इथे बसायचं नाही."

चावीवाल्यानं चाव्या गोळा केल्या, पिशवी खांद्याला लावली आणि निमूट निघाला. जिन्यात तोच पुढे होता.

"हळू की रे!" चष्मेवाला धापा टाकत म्हणाला. "बापाच्या घरी चाललायस का?"

दाराला बाहेरून कुलूप होतं. चावीवाल्यानं पिशवी खाली ठेवली आणि शेजारचं दार वाजवलं.

"हे काय आता?"

"आमच्या धंद्याची रीत आहे. साक्षीला कोणीतरी हवं. शेजारी उभा असल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही."

एका म्हातारीनं दार उघडलं.

"या दोघांना हे कुलूप उघडून हवंय," चावीवाला म्हणाला. "आतलं मशीन न्यायचंय म्हणे. साक्षीला उभ्या राहाल?"

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. मग त्या दोघांकडे वळली. "वसुलीवाले का? ओळखपत्र दाखवा. आणि कोर्टाचा कागद कुठंय? त्याच्याशिवाय कुणाच्या घरात शिरता येत नाही."

"हा बघा कागद," जाड्यानं मूठ दाखवली. "आजी, गुमान आत जा. नाहीतर उद्या तुमच्या दारावर लाथ बसेल."

ती हलली नाही. मोबाइल छातीशी उभा धरून तिथेच राहिली.

चावीवाला कुलपात तार फिरवत बसला. तार वाकली.

"मला नाही जमायचं."

"मग धंदा कसला करतोस!" जाड्यानं त्याला बाजूला ढकललं, त्याच्याच पिशवीतली हातोडी काढली आणि कोयंड्यावर घाव घातले. कोयंडा लाकडासकट निखळला. दोघं आत घुसले.

"लावू का पोलिसांना फोन?" म्हातारीनं हळूच विचारलं.

चावीवाल्यानं मान डोलावली.

खिडक्या बंद होत्या. आतल्या अंधारात काहीतरी पडून फुटलं. जाड्यानं शिवी हासडली. "ए, या घरात दिव्याचं बटण आहे की नाही?"

"खाली चाचपा, मशीनच्या बाजूला," चावीवाला बाहेरूनच म्हणाला. "बसल्या जागेवरून हिचा हात पोचावा म्हणून मीच तिथे बसवलं होतं."